८५१ माणसांचं ठाणं

(गेल्या महिन्यात कॅन्ससच्या गवताळ प्रदेशाबद्दल लिहिताना मी कॉटनवूड फॉल्स या गावाचा एका ओळीत उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे धाडली. या वेळी त्यांनाच उत्तरं.)

प्रश्न : बाईंना सप्रेम नमस्कार. मी निवृत्त तलाठी. मुलगा गेल्या वर्षी विचिटाला नोकरीला गेला, तेव्हापासून कॅन्ससचा नकाशा माझ्या टेबलावर पसरलेलाच असतो. तुम्ही लिहिलंत की कॉटनवूड फॉल्स हे चेस काउंटीचं मुख्य ठाणं. त्याची लोकसंख्या शोधली तर ८५१! माझ्या सज्जात याहून जास्त खातेदार होते. कोर्ट, खजिना, तुरुंग, जमिनीचं दप्तर हे सगळं ८५१ माणसांच्या गावात? छपाईची चूक तर नाही? आणि नसेल, तर ठाणं एखाद्या मोठ्या गावी हलवत का नाहीत?

उत्तर : चूक नाही. २००० साली तिथे ९६६ माणसं होती, २०१० साली ९०३ आणि २०२० साली ८५१. आकडा बरोबर आहे आणि तो उतरणीलाही लागलेला आहे.

माझी मुलगी एम्पोरिया या जवळच्या शहरात राहते. तिच्याकडे गेले की मी जावयाला एकदा तरी कॉटनवूड फॉल्सला न्यायला लावते. विटांनी फरसबंद केलेला ब्रॉडवे नावाचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना दगडी दुकानं, आणि त्याच्या दक्षिण टोकाला रस्ता अडवून उभं असावं तसं कोर्टहाउस. १८७३चं बांधकाम. पांढरट चुनखडीचा दगड, तांबडं उतरतं छप्पर, वर घड्याळाचा मनोरा. आराखडा जॉन हॅस्केल यांचा. टोपेकातल्या राज्याच्या विधानभवनाच्या कामातही त्यांचा हात होता. आत अक्रोडाच्या लाकडाचा वळणावळणाचा जिना थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. कॅन्ससमध्ये आजही कोर्ट म्हणून वापरात असलेली ही सर्वांत जुनी इमारत.

पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीमागच्या बाईंना वाटलं मी गाडीच्या नंबरपट्टीचे पैसे भरायला आले. मी म्हटलं, जिना बघायचाय. त्यांनी मान न उचलता पेनानं दिशा दाखवली. जिना बघायला येणारे त्यांना रोजचेच असावेत.

आता तुमच्या धंद्यातली गोष्ट सांगते. काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं आपण सोयीसाठी म्हणतो, पण तिथे वरून नेमून आलेला कलेक्टर नसतो. कारभार निवडून आलेल्या तीन कमिशनरांकडे. शेरीफ, क्लार्क, खजिनदार, जमिनीचे दस्त नोंदवणारा अधिकारी आणि काउंटीचा वकील हेही मतांनी निवडले जातात. म्हणजे तुमचं दप्तर सांभाळणारा माणूस तिथे दर चार वर्षांनी मतं मागायला दारात उभा! खरेदीखत, गहाणखत त्याच्याकडे नोंदवायचं. जमिनीची किंमत ठरवणारं खातं वेगळं आणि कर गोळा करणारा खजिनदार वेगळा. गाडीची नंबरपट्टीही खजिनदाराकडेच. हे सगळं एका छपराखाली किंवा दोन पावलांवर असलं की झालं ठाणं. त्याला लोकसंख्येची अट नाही.

ठाणं इथे का, याचं उत्तर घोड्याच्या चालीत आहे. चेस काउंटी १८५९ साली आखली, म्हणजे कॅन्ससला राज्याचा दर्जा मिळायच्या दोन वर्षं आधी. नाव दिलं सॅमन चेस यांचं. तेव्हा ते ओहायोचे गव्हर्नर आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. पुढे लिंकन यांचे अर्थमंत्री आणि मग सरन्यायाधीश झाले. दहा हजार डॉलरच्या नोटेवर त्यांचंच चित्र असायचं. काउंटीचं क्षेत्रफळ साधारण २,००० चौरस किलोमीटर. कोपऱ्यातल्या शेतकऱ्याला घोडागाडीनं ठाण्यावर येऊन कर भरून घरी परतता आलं पाहिजे, अशा बेतानं त्या काळी काउंट्या आखत, आणि त्या हिशेबाला नदीकाठचं मधलं गाव सोयीचं. मोटारी आल्यावर हा हिशेब निकालात निघाला, पण काउंट्यांच्या रेघा कुणी पुसल्या नाहीत. कॅन्ससमध्ये आजही १०५ काउंट्या आहेत.

हलवत का नाहीत, हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम कॅन्ससमध्ये ठाण्यावरून अक्षरशः गोळ्या चालल्या. १८८९च्या जानेवारीत ग्रे काउंटीतल्या इंगल्स गावची माणसं गाडी घेऊन सिमॅरॉनला गेली आणि कोर्टातलं दप्तर उचलून गाडीत भरू लागली. कारण सरळ होतं. दप्तर ज्या गावात, ठाणं त्या गावात. गोळीबारात माणूस मेला. तुम्ही दप्तराचं मोल जाणता, म्हणून मुद्दाम सांगितलं. चेस काउंटीत असं काही झालं नाही. झालं असतं तरी पळवून न्यायचं कुठे? शेजारच्या स्ट्राँग सिटीत २०२० साली ३८६ माणसं होती. तीच काउंटीतली दुसऱ्या क्रमांकाची वस्ती.

आणि ८५१ तुम्हाला कमी वाटत असतील तर टेक्ससमधली लव्हिंग काउंटी बघा. अख्ख्या काउंटीत २०२० साली ६४ माणसं. तिथलंही ठाणं आहे, मेंटोन, आणि तिथेही कोर्टहाउस आहे.

प्रश्न : बाई, मी शेती करतो. तुम्हीच लिहिलं की त्या भागात पाऊस पुरेसा पडतो. नकाशावर नदीही दिसते. मग माणसं का नाहीत? मी वाचलं की १९०० साली चेस काउंटीत ८,२४६ लोक होते आणि २०२० साली २,५७२. १२० वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून कमी. दुष्काळ पडला, साथ आली, की सरकारनं उठवलं?

उत्तर : तिन्ही नाही. कारण पायाखाली आहे.

तुम्ही नांगर धरलेला माणूस आहात, तेव्हा तुम्हाला चटकन कळेल. या टेकड्यांना फ्लिंट हिल्स म्हणतात, चकमकीच्या दगडाच्या टेकड्या. १८०६ साली झेब्युलन पाइक हा लष्करी अधिकारी इथून गेला, त्यानं आपल्या रोजनिशीत हा शब्द लिहिला आणि तो चिकटला. जमिनीत चुनखडी आणि मऊ शेलचे थर एकावर एक आहेत, पर्मियन युगातल्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेले. त्या चुनखडीत चकमकीच्या गाठी आणि पट्टे. चुनखडी पावसानं झिजते, चकमक झिजत नाही. चुनखडी गेली की तिच्यातली चकमक वर उरते. टेकड्यांच्या माथ्यावर वीतभर माती आणि तिच्यात हे सुरीसारखे तुकडे. मी एक उचलून पिशवीत टाकला तर पिशवीचं अस्तर फाटलं. त्यात नांगराचा फाळ घालून बघा.

त्यामुळे झालं असं की अमेरिकेच्या मधल्या भागात जे उंच गवताचं रान पसरलेलं होतं, ते आयोवा, इलिनॉयसारख्या राज्यांत नांगरलं गेलं आणि त्याचं मक्याचं शेत झालं. एकेकाळच्या त्या रानाचे चार टक्केसुद्धा आता शिल्लक नाहीत, आणि जे आहेत त्यातला मोठा भाग या टेकड्यांवर. कुणी राखलं म्हणून नव्हे, दगडानं नांगरू दिलं नाही म्हणून. १९९६ साली स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला राष्ट्रीय संरक्षित कुरण झालं, सुमारे ११ हजार एकरांचं. २००९ साली तिथे गवे परत आणले, गवे म्हणजे बायसन. ऑक्टोबरात गेलं तर बिग ब्लूस्टेम नावाचं गवत माझ्या डोक्याच्या वर जातं आणि तांब्याच्या रंगाचं होतं. मुळं खाली दोन-तीन मीटर. वरचं जळलं तरी खालचं जिवंत.

जळण्याचंही सांगते, कारण ते मी पाहिलंय. मार्चअखेर ते एप्रिल, वारा बरा असला की रँचवाले गवताला आग लावतात. जुनं वाळलेलं जातं, देवदारासारखी झुडपं माजत नाहीत आणि पंधरा दिवसांत कोवळी हिरवी पालवी फुटते. इथल्या मूळ रहिवाशांनाही ही युक्ती ठाऊक होती. त्यांतल्या कॉ लोकांना १८७३ साली इथून हलवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. (सरकारनं उठवलं का, असं तुम्ही विचारलंत. उठवलं, पण १९०० च्या आकड्यातल्यांना नाही, त्यांच्या आधीच्यांना. आणि वर्षही बघा, कोर्टहाउस पुरं झालं तेच.) रात्री एम्पोरियाला परतताना क्षितिजावर केशरी रेघा सरपटत होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या साडीला धुराचा वास. मुलगी म्हणाली, आई, एप्रिलमध्ये इथे सगळ्यांच्याच कपड्यांना येतो.

त्या कोवळ्या गवतावर बाहेरगावची जनावरं आणून सोडतात. खच्ची केलेले तरुण गोऱ्हे. पूर्वी टेक्ससहून आगगाडीनं यायचे, आता ट्रकनं. चुनखडीमुळे गवत कसदार, जनावर झपाट्यानं भरतं, आणि उन्हाळा संपायच्या आत पुन्हा ट्रकमध्ये. आता हिशेब करा. हजारो एकर, हजारभर जनावरं, आणि सांभाळायला माणसं किती? दोन-तीन. मालक बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात राहतो. या जमिनीला माणसं नकोतच. गवत, आग आणि कुंपण असलं की भागतं.

मग १९०० साली ८,२४६ माणसं करत काय होती? नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात शेती होती, आजही आहे, मका, सोयाबीन, लसूणघास. पण तेव्हा त्याच पट्ट्याला बैल-घोडे आणि घरटी सहा-आठ मुलं लागत. टेकडीवरही काहींनी १६० एकर घेऊन नशीब अजमावलं. शिवाय खाणी. स्ट्राँग सिटीजवळच्या खाणींतून रेल्वेच्या पुलांसाठी दगड जायचा आणि पाथरवटांना काम असायचं. रेल्वे नदीच्या उत्तरेनं गेली म्हणून तर स्ट्राँग सिटी झाली. तिचं नाव सँटा फे रेल्वेचे अध्यक्ष विल्यम बार्स्टो स्ट्राँग यांच्यावरून. कचेरी दक्षिणेला, स्टेशन उत्तरेला, मध्ये जेमतेम तीन किलोमीटर. काही वर्षं या दोन गावांमध्ये घोड्यांची ट्राम होती. पुढे दगडाची जागा सिमेंटनं घेतली, बैलांची ट्रॅक्टरनं, चार शेतं मिळून एक झालं. मुलं शिकली आणि एम्पोरिया, विचिटाला गेली. एक तडाखा बसून गाव रिकामं झालं असं नाही. दर दहा वर्षांनी थोडं थोडं गळत गेलं.

आज काउंटीत दर चौरस किलोमीटरला साधारण सव्वा माणूस. त्यातली जवळजवळ निम्मी माणसं या दोन गावांतच. तुम्ही उरलेल्या काउंटीत गाडी घातलीत तर अर्धा तास फक्त गवत आणि तारेचं कुंपण. मला तिथे पहिल्यांदा भीती वाटली होती, लपवत नाही. माणसांच्या गर्दीत वाढलेल्याला रिकामं क्षितिज अंगावर येतं. जावई म्हणाला, त्याला पहिल्या वर्षी असंच व्हायचं.

प्रश्न : मी नववीत आहे. कॉटनवूड फॉल्समधला धबधबा किती उंच आहे? आणि तिथे कापूस पिकतो का?

उत्तर : बाळ, दोन्ही वेळा नावानं फसवलंय तुला. मलाही फसवलं होतं, कॅमेरा घेऊन गेले होते. आज जे पाणी पडताना दिसतं ते जुन्या गिरणीसाठी घातलेल्या बंधाऱ्यावरून, माझ्या उंचीच्या आसपास. शेजारी १९१४चा काँक्रीटचा कमानी पूल आहे, आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. तिथे उभं राहून बघायला मजा येते, पण धबधबा म्हणशील तर हिरमोड होईल.

कॉटनवूड हे झाड आहे, पॉपलरच्या कुळातलं. नदीकाठी वाढतं. त्याच्या बियांना कापसासारखे तंतू असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ते हवेत उडतात, म्हणून नाव कॉटनवूड. कॅन्ससचा राज्यवृक्ष तोच. नदीचं नावही कॉटनवूड. ती एम्पोरियाच्या पुढे निओशो नदीला मिळते, निओशो ओक्लाहोमात आर्कान्सॉला, आर्कान्सॉ मिसिसिपीला. तुझ्या वहीत एवढी साखळी काढून ठेव, परीक्षेत नाही आली तरी चालेल.

प्रश्न : ८५१ म्हणजे ८५१च? एवढ्या लहान गावात शिरगणती अगदी अचूक होत असेल ना? मी सांख्यिकी शिकवतो, म्हणून विचारतो.

उत्तर : तुमचाच विषय, सर, तेव्हा मी थोडक्यात लिहिते आणि चुकले तर कळवा.

अमेरिकेत जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, राज्यघटनेनंच ती सक्तीची केली आहे. हल्ली मोजणीचा दिवस १ एप्रिल. गंमत अशी की लहान गावात आकडा अचूक असला तरी तो तसाच छापता येत नाही. गाव लहान असलं की वय, वंश, घरातली माणसं यांचे तक्ते जुळवून कुणाच्या घरात कोण राहतं ते ओळखता येतं, आणि कायद्यानं ती माहिती गुप्त ठेवायची असते. म्हणून २०२० साली जनगणना खात्यानं डिफरन्शियल प्रायव्हसी ही पद्धत वापरली. आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळायची. राज्याचा एकूण आकडा जशाचा तसा, म्हणजे कॅन्ससचे २९,३७,८८० हे मोजलेले तेवढेच. काउंटीच्या आणि गावाच्या आकड्यात मात्र ती मिसळ आहे. तेव्हा ८५१ हा आकडा खऱ्याच्या अगदी जवळचा, पण शेवटच्या एककावर पैज लावू नका. गावात घरं किती, हा आकडा मात्र गडबडीविना छापतात. घरं रस्त्यावरून दिसतातच, ती काय लपवणार?

दुसरी गोष्ट तुरुंगाची. कैद्यांची गणना ते मोजणीच्या दिवशी ज्या तुरुंगात असतील तिथेच होते, त्यांचं घर कुठेही असो. चेस काउंटीचा तुरुंग या गावातच आहे आणि त्यात बाहेरून आणलेले लोकही ठेवतात, परदेशी नागरिकत्वाच्या प्रकरणात अडकवलेलेसुद्धा. त्यांनी ब्रॉडवेची फरसबंदी कधी पाहिलेली नसते. ८५१ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर बाजाराला निघालेली माणसं येतात, पण त्यांत गजाआडची काही डोकीही धरलेली असतात.

प्रश्न : (पहिल्याच पत्राच्या ताज्या कलमात, त्याच निवृत्त तलाठ्यांकडून) उन्हाळ्यात मुलाकडे जायचं ठरतंय. ते कोर्ट पाहायचं आहे. आगगाडीनं जमेल का? की हमरस्त्यानं?

उत्तर : आगगाडीचा विचार सोडा. अ‍ॅमट्रॅकची साउथवेस्ट चीफ ही गाडी स्ट्राँग सिटीतून जाते, पण थांबत नाही. थांबे न्यूटनला आणि टोपेकाला, आणि तेही आडवेळी.

हमरस्त्याची आणखी मजा. कॅन्सस टर्नपाइक (टोलचा हमरस्ता) चेस काउंटीतून आडवी जाते, पण काउंटीच्या हद्दीत तुम्हा-आम्हाला उतरायला फाटा नाही. एक फाटा आहे, बझार नावाच्या वाडीजवळ, तो गुरांच्या ट्रकांसाठी. गोऱ्ह्यांना उतरता येतं, तलाठ्यांना नाही. (बझारमध्ये बाजार नाही, हेही सांगून ठेवते. तिथल्याच माळावर १९३१ सालच्या मार्चअखेर विमान कोसळून नोटर डेम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी आणि आणखी सात जण गेले होते.)

तेव्हा मुलाला सांगा, विचिटाहून टर्नपाइकनं कॅसोडेला उतर आणि तिथून १७७ नंबरचा राज्यरस्ता धर, उत्तरेकडे. मॅटफील्ड ग्रीन लागेल, मग बझार, मग उतारावर अचानक झाडं आणि छपरं दिसतील. कॅसोडेनंतर पेट्रोलच्या भरवशावर राहू नका, टाकी आधीच भरून घ्या. जाताना सोमवार ते शुक्रवारच निवडा, म्हणजे खिडक्या उघड्या असतील. आणि दस्तनोंदणीच्या खिडकीशी जुनं रजिस्टर दाखवता का म्हणून विचारून बघा. मला फक्त जिना सुचला होता.